नांगरटीत सापडलेली शिशाची गोळी: कुणाला दाखवायची, किती दाखवायची

प्रश्न लेस्टरला नोकरीसाठी आलेल्या साताऱ्याच्या एका तरुणाचा आहे. त्यांनी गेल्या हिवाळ्यात मेटल डिटेक्टर घेतला, मार्केट हार्बरोच्या दक्षिणेला एका शेतकऱ्याची परवानगी काढली, आणि नांगरलेल्या रानात त्यांना पाच-सहा शिशाच्या गोळ्या, १०३ हा आकडा असलेले एक पितळी बटण आणि मागे पाती असलेला एक गंजका लोखंडी तुकडा मिळाला. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. फोटो इन्स्टाग्रामवर टाकू का? इतिहासाचे वेड असलेल्या वडिलांना दोन गोळ्या साताऱ्याला नेऊन देऊ का? आणि दिवाळीत मशीन सोबत नेऊन गावाकडच्या गडाखाली फिरू का?

मी मिडलँड्समध्ये बरीच वर्षे हा छंद करतो आणि रणभूमींच्या सर्वेक्षणांत स्वयंसेवक म्हणूनही मशीन धरले आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

सगळ्यात आधी त्या पाती असलेल्या लोखंडाचे. तुम्ही लिहिले आहे की ते 'सध्या गॅरेजमध्ये बादलीत' आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या गावोगावच्या शेतांत सैन्याने आणि होमगार्डने सराव केला, आणि मागे पाती असलेली वस्तू बहुधा छोट्या उखळी तोफेचा बॉम्ब असते. तो सरावाचा असेल, रिकामा असेल किंवा नसेलही. धुराच्या बॉम्बमध्ये पांढरा फॉस्फरस असतो. ओल्या मातीत तो वर्षानुवर्षे गप्प राहतो आणि वाळून हवा लागली की पेट घेतो. तेव्हा तो साफ करायला जाऊ नका, हलवू नका आणि 'परत शेतात टाकून येतो' असला उद्योग तर मुळीच नको. घरातल्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि ९९९ ला फोन करा. पोलीस सैन्याच्या बॉम्बनाशक पथकाला बोलावतात. तुम्ही स्वतःहून कळवले म्हणून कुणी तुमच्यावर खेकसत नाही, हे त्यांचे रोजचे काम आहे. यापुढे शेतात असे काही दिसले तर तिथेच ठेवायचे, जागेची खूण करायची, लांब जायचे आणि मग फोन. पोकळ तोफगोळ्यालाही हाच नियम. भरीव गोळा म्हणजे नुसते लोखंड, पण ज्याला वातीचे भोक आहे त्याच्या पोटात दारू असू शकते, मग तो दोनशे वर्षांचा का असेना. काडतुसाच्या पुंगळीला गोळी अजून चिकटलेली असेल आणि बुडाच्या टोपीवर ठोक्याची खूण नसेल, तर ते जिवंत काडतूस. ते परवान्याशिवाय बाळगणे इथे गुन्हा आहे. त्याचा फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून जगाला दाखवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आता गोळ्यांकडे येऊ. खरी गंमत त्यांच्यातच आहे.

मार्केट हार्बरोच्या त्या बाजूला नेझबीची रणभूमी फार लांब नाही. १४ जून १६४५ रोजी तिथे पहिल्या चार्ल्स राजाची फौज आणि फेअरफॅक्सची नवी पार्लमेंटी फौज भिडली, आणि यादवी युद्धाचा निकाल जवळपास तिथेच लागला. तुमच्या गोळ्या त्या दिवसाच्या आहेत असे मी म्हणत नाही. शिशाच्या गोळ्या ससे-पक्षी मारणाऱ्यांनीही शंभर ठिकाणी पाडून ठेवल्या आहेत. पण वजनावरून अंदाज येतो. एका पौंडात बारा बसतात ती गोळी साधारण ३८ ग्रॅमची, म्हणजे त्या काळातल्या पायदळाच्या मस्केटची, म्हणजे लांब नळीच्या बंदुकीची. कारबाइनची, म्हणजे घोडेस्वाराच्या आखूड बंदुकीची, आणि पिस्तुलाची गोळी बरीच हलकी. स्वयंपाकाचा डिजिटल काटा त्यासाठी पुरतो. गोळी आपटून चपटी झाली असेल तर तिचा मूळ व्यास मोजता येत नाही. मग वजनाच्या घनमुळाला ५.६७ ने गुणायचे, म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. २७ ग्रॅमची गोळी असेल तर घनमूळ ३, व्यास १७ मिलिमीटर. हे सूत्र अमेरिकेतल्या रणभूमीवर काम करणाऱ्या डॅन सिव्हिलिच यांचे. त्यांनी ते इंचांत मांडले, मी इथे मिलिमीटरमध्ये दिले आहे.

त्यातली एक गोळी उजेडात धरा. पांढरट करडा थर दिसेल, तो शिशाचा खालच्या धातूला सांभाळणारा गंज. तो खरवडायचा नाही. साध्या पाण्यात मऊ ब्रशने माती काढा, वाळवा, बस्स. गोळीभोवती बारीक रेघ असेल तर ती साच्याच्या दोन अर्धांचा सांधा. कुठेतरी कापल्यासारखी चकती दिसेल, तिथे ओतीची देठी चिमट्याने तोडली होती. एका बाजूला गोल दबलेली खूण असेल तर ती गजाने ठोसून बसवल्याची. एक बाजू सपाट झाली असेल तर गोळी कशावर तरी आपटली. आणि दातांच्या खुणा असतील तर कृपा करून 'पाय कापताना सैनिकाने वेदनेने चावलेली गोळी' अशी ओळ फोटोखाली लिहू नका. चावलेल्या बहुतेक गोळ्या डुकरांनी चघळलेल्या असतात. गोळी हाताळल्यावर हात धुवा, शिसे ते शिसेच. आणि पितळी बटणाला चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावण्याचा मोह आवरा. देव्हाऱ्यातली समई आणि जमिनीतून निघालेले पितळ यांत फरक आहे. पॉलिश झालेल्या बटणावरचा आकडा आणि नक्षी एकदा गेली की परत येत नाही.

इतके सगळे पाहूनही एकटी गोळी फार बोलत नाही. ती बोलते ती जागेवरून. गोळी भरताना घाईत हातातून पडली असेल तर ती गोल राहते, आणि अशा गोल गोळ्या जिथे ओळीने सापडतात तिथे बंदुकवाल्यांची रांग उभी होती. आपटलेल्या गोळ्या जिथे सापडतात तिथे त्यांचे लक्ष्य होते. नेझबीला पुरातत्त्वज्ञ ग्लेन फोर्ड यांनी डिटेक्टरवाल्यांच्या नोंदी नकाशावर मांडल्या, तेव्हा गोळ्यांचा सडा पारंपरिक मैदानात संपतच नव्हता. तो उत्तरेकडे सरकत वॉडबरो हिलपर्यंत गेला होता, म्हणजे राजाचे पायदळ तिथवर लढत-लढत मागे हटले. ही माहिती कागदपत्रांतून इतकी स्पष्ट मिळत नाही. बॉसवर्थचे तर त्याहून मोठे. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड जिथे १४८५ मध्ये पडला ते मैदान लोक अँबियन टेकडीपाशी समजत होते, माहिती केंद्रही तिथेच बांधले होते. फोर्ड यांच्या चमूने मशीन घेऊन वर्षानुवर्षे शेते पिंजून काढली आणि नैऋत्येला काही किलोमीटरवर शिशाचे तोफगोळे आणि सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा एक इवलासा रानडुक्कर, म्हणजे बिल्ला, काढला. रानडुक्कर हे रिचर्डचे चिन्ह. समजा हा बिल्ला कुणी आधीच गुपचूप खिशात घातला असता. तो कुठल्यातरी लिलावात चांगल्या किमतीला गेला असता आणि रणभूमी चुकीच्याच टेकडीवर राहिली असती.

अमेरिकी सैन्य आणि तिथले मूळ रहिवासी जिथे भिडले ते अमेरिकेतले लिटल बिगहॉर्न हे यातले सगळ्यात गाजलेले उदाहरण. १९८३ मध्ये गवताला आग लागून मैदान उघडे पडले आणि पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी छंदी डिटेक्टरवाल्यांना रांगेत उभे करून सगळे रान चालायला लावले. मशीन वाजले की तिथे झेंडी रोवायची, वस्तूला हात लावायचा नाही, मागून येणारा माणूस मोजमाप घेणार. पुंगळ्यांवर प्रत्येक बंदुकीच्या घोड्याची खूण निराळी उमटते. एकाच बंदुकीच्या पुंगळ्या नकाशावर जोडत गेल्यावर १८७६ च्या त्या लढाईत कोणती बंदूक कुठून कुठे सरकली ते उलगडले. याआधी पुरातत्त्वाचे लोक डिटेक्टरवाल्यांकडे चोर म्हणून बघत. आजही काही जण बघतात, आणि नेहमीच चुकीचे बघतात असे नाही.

तेव्हा 'शेअर करू का' याचे माझे उत्तर असे: करा, पण क्रम पाळा. पहिला शेतकरी, दुसरा नोंद करणारा अधिकारी, आणि जग तिसरे.

इंग्लंडमध्ये जमिनीतली वस्तू, ती ट्रेझर (कायद्याने ठरवलेला मौल्यवान ठेवा) ठरत नसेल तर, साधारणपणे जमीनमालकाची. 'मी शोधली म्हणून माझी' हे चालत नाही. परवानगी तोंडी घेतली असेल तर आता एक पानाचा करार करा: कोणते रान, किती काळ, वस्तू कुणाकडे राहणार, विक्री झाली तर वाटा किती, आणि फोटो टाकायला मालकाची हरकत आहे का. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. फोटो बाहेर गेला की रात्री बॅटऱ्या घेऊन चोर मशीनवाले शेतात शिरतात. त्यांना इथे नाइटहॉक म्हणतात. उभे पीक तुडवले जाते आणि शेतकरी पुढच्या वर्षी तुम्हालाही फाटक उघडत नाही. शेतकरी कूळ असेल तर जमिनीच्या मूळ धन्याचीही संमती लागते. शेताने पर्यावरण योजनेचे अनुदान घेतले असेल तर त्याच्या अटी असतात. शेतात संरक्षित स्मारक असेल तर १९७९ च्या कायद्याप्रमाणे लेखी संमतीशिवाय मशीन चालवणेच गुन्हा आहे, मग मालक कितीही चहा पाजो. नोंदणीकृत रणभूमीवर तसा थेट कायदेशीर मज्जाव नाही. तरी नेझबीसारख्या ठिकाणी एकट्याने गोळ्या वेचणे मला पटत नाही, कारण एकाने वेचलेला टप्पा पुढच्या सर्वेक्षणात रिकामा दिसतो आणि त्यावरून चुकीचा निष्कर्ष निघतो. तुमचे शेत हद्दीत येते का ते हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या नकाशावर पाहता येते.

दुसरा माणूस म्हणजे तुमच्या जिल्ह्याचा फाइंड्स लायझन ऑफिसर. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही ब्रिटिश म्युझियम आणि वेल्सचे राष्ट्रीय संग्रहालय मिळून चालवतात. या अधिकाऱ्याला वस्तू दाखवायला पैसे पडत नाहीत. तो मोजतो, फोटो काढतो, नोंद क्रमांक देतो आणि वस्तू परत करतो. 'सरकार काढून घेईल' ही भीती आपल्या लोकांत फार असते. इथे ती गैरलागू आहे. योजनेत प्रामुख्याने १७०० च्या आधीच्या वस्तूंची नोंद होते, त्यामुळे तुमच्या गोळ्या घेतील, बटण कदाचित घेणार नाहीत. तुम्ही मात्र एक काम नीट केले पाहिजे: प्रत्येक गोळीची जागा. सगळ्या एकाच डबीत टाकल्या असतील तर आत्ताच, आठवते आहे तोवर, शेताच्या नकाशावर खुणा करा. पुढच्या वेळी प्रत्येक वस्तू वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर तारीख, ग्रिड संदर्भ (नकाशावरची जागा सांगणारे आकडे), खोली. आठ आकडी संदर्भ म्हणजे दहा मीटरचा चौकोन, तेवढे हवेच. दहा आकडी मिळाला तर उत्तम. फोनवरच्या फुकट ॲपमध्ये तो दिसतो. योजनेच्या संकेतस्थळावर लोकांना जागा मुद्दाम ढोबळ करून दाखवतात, नेमका संदर्भ फक्त अभ्यासकांना मिळतो. म्हणजे तुमच्या शेताचा पत्ता बाहेर फुटत नाही.

लोखंड वगळायचे बटण दाबून फिरत असाल तर ते अधूनमधून बंद करा, ही एक सूचना जाता जाता. खिळे आणि नालांच्या कटकटीमुळे सगळेच लोखंड गाळतात आणि त्याबरोबर बाणांची टोकेही गाळली जातात. टाउटनच्या १४६१ च्या रणभूमीवर बाणांची टोके मिळाली ती ही कटकट सोसणाऱ्यांनाच.

नोंदीने काय होऊ शकते याची जर्मनीतली दोन उदाहरणे मला नेहमी शेजारी-शेजारी ठेवावीशी वाटतात. टोनी क्लन हे ब्रिटिश सैन्यातले अधिकारी, नेमणूक जर्मनीत. १९८७ मध्ये त्यांनी तिथल्या पुरातत्त्व अधिकाऱ्याला, वोल्फगांग श्ल्यूटर यांना, आधी भेटून, कुठे शोधू असे विचारून काम सुरू केले. काल्क्रीजपाशी त्यांना रोमन चांदीची नाणी मिळाली. पुढच्या वर्षी निघाल्या शिशाच्या तीन गोफणगोळ्या. नाणी व्यापाऱ्याचीही असू शकतात, पण गोफणगोळ्या सैन्याच्याच. क्लन यांनी त्या तीन फुटकळ दिसणाऱ्या तुकड्यांची जागा नीट कळवली म्हणून उत्खनन सुरू झाले, आणि इ. स. ९ मध्ये रोमन सेनापती वारुसची तीन लिजन, म्हणजे सैन्यदले, जिथे कापली गेली ती रणभूमी हीच असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. दुसरे उदाहरण हार्त्सहॉर्नचे. तिथे २००० साली दोन छंदी लोक परवानगीशिवाय मध्ययुगीन गढी शोधत होते. मिळालेल्या लोखंडातली एक वस्तू त्यांनी मेणबत्तीचे स्टँड समजून घरी ठेवली. आठ वर्षांनी तिचा फोटो इंटरनेटवर टाकला तेव्हा जाणकारांनी सांगितले, अहो, ही रोमन घोड्या-खेचराच्या खुराला बांधायची लोखंडी चप्पल आहे. मग ते जिल्ह्याच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याकडे गेले. तिथे तिसऱ्या शतकातली, रोमन लोक जर्मनीत इतक्या आत आले होते याचा कुणाला पत्ताच नव्हता अशी लढाई उजेडात आली. म्हणजे फोटो टाकणे वाईट नाही, इथे तर फोटोनेच काम केले. पण आठ वर्षे ती वस्तू कपाटात होती आणि त्या काळात त्या टेकडीवर आणखी कोण काय उचलून गेले ते कुणालाच सांगता येणार नाही.

जगाला फोटो दाखवताना साध्या काळज्या घ्या. फोटोच्या फाइलमध्ये जीपीएस दडलेला असतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो गळून पडतो, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की सगळा तसाच जातो. पार्श्वभूमीत चर्चचा मनोरा, विजेचा खांब, ओळखीचे कुंपण नको. साध्या करड्या कापडावर, शेजारी पट्टी ठेवून, दोन्ही बाजूंचा फोटो काढा. हाच फोटो जाणकाराला ओळखायलाही उपयोगी. त्याच आठवड्यात टाकू नका. जिल्ह्याच्या पलीकडे ठिकाण सांगू नका. पदक मिळाले आणि कडेवर सैनिकाचे नाव-नंबर कोरलेले असतील तर ते नाव लपवून फोटो टाका, आणि शक्यतो आधी वारसांचा शोध घ्या. नाव जाहीर केले की 'आमच्या आजोबांचेच' म्हणणारे चार दावेदार उभे राहतात. विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा, यंत्राचे तुकडे असे काही लागले तर खणणे तिथेच थांबवा. १९८६ च्या कायद्याने पडलेल्या प्रत्येक लष्करी विमानाचे अवशेष आपोआप संरक्षित आहेत आणि संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही, कारण आत अजून वैमानिक असू शकतो. हाडे दिसली तर फोटोही नको. पोलिसांना कळवा.

'टाकलेला फोटो नंतर काढून टाकू' यावर भरवसा ठेवू नका. हेरफर्डशरमध्ये २०१५ मध्ये दोघांना व्हायकिंग काळातला नाणी-दागिन्यांचा साठा सापडला, त्यांनी तो कळवला नाही आणि तुकड्या-तुकड्याने विकायला काढला. फोनमधून पुसलेले फोटो पोलिसांनी परत मिळवले, त्यावरून साठा किती मोठा होता ते कळले आणि २०१९ मध्ये दोघे तुरुंगात गेले. सुमारे तीनशे नाण्यांपैकी जेमतेम तीस हाती लागली. कायदा तसा सोपा आहे. तीनशे वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोने-चांदी असलेली वस्तू किंवा अशा नाण्यांचा साठा म्हणजे ट्रेझर, आणि तो चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचा. लष्करी वस्तू बहुतेक लोखंड, शिसे, पितळेच्या. त्या यातून सुटत. २०१० मध्ये कंब्रियात क्रॉस्बी गॅरेटला रोमन घोडेस्वाराचे मुखवट्यासह शिरस्त्राण मिळाले. तांब्याच्या मिश्रधातूचे असल्यामुळे ते ट्रेझर ठरले नाही, लिलावात वीस लाख पौंडांच्या वर गेले, आणि कार्लाइलचे संग्रहालय हात चोळत बसले. ती बोच राहिली. ३० जुलै २०२३ पासून नवा वर्ग आला आहे: दोनशे वर्षांहून जुनी, धातूचा अंश असलेली आणि इतिहासाच्या दृष्टीने विलक्षण महत्त्वाची वस्तू, मग ती कोणत्याही धातूची असो. तुमच्या सुट्या गोळ्या त्यात येत नाहीत. आणि हे सगळे इंग्लंड-वेल्सचे. स्कॉटलंडमध्ये सापडलेली प्रत्येक पुराणवस्तू राजसत्तेची आणि ती कळवावीच लागते. उत्तर आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय शोधायचेच नाही. फ्रान्समध्ये तर पहिल्या महायुद्धाचे खंदक बघायला जाताना मशीन गाडीत ठेवण्याचाही विचार करू नका. तिथल्या नव-शापेलच्या युद्धस्मारकात ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावे भिंतीवर आहेत, ती बघायला जरूर जा. त्या मातीत मात्र अजून माणसे आणि न फुटलेले गोळे दोन्ही आहेत.

वडिलांची भेट. मनाला पटते, पण अडचणी दोन. ब्रिटनच्या जमिनीतून निघालेली, पन्नास वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर नेताना तिची किंमत कितीही असो, निर्यात परवाना लागतो. तो आर्ट्स कौन्सिलकडून घ्यायचा असतो. आणि विमानतळावर एक्स-रेमध्ये 'गोळी' दिसली की 'साहेब, ही १६४५ ची आहे' हे सुरक्षारक्षकाला समजावत तुमचे विमान जाईल. पुंगळी किंवा काडतूस असेल तर विषय त्याहून पुढे जाईल. त्यापेक्षा नोंद झाली की त्या पानाचा दुवा वडिलांना पाठवा. शोधकर्त्याचे नाव जाहीर करायला संमती दिलीत तर त्यात तुमचे नावही असेल. गोळी शेतकऱ्याच्या घरी राहू द्या. मी ज्या रानांत फिरतो त्यांतल्या एका घरी छोटी काचेची पेटी आहे, त्यात प्रत्येक गोळीखाली शेताचे नाव आणि तारीख लिहिली आहे, आणि घरातली मुले पाहुण्यांना ती स्वतः दाखवतात.

दिवाळीत मशीन नेण्याबद्दल: नेऊ नका. इथे मी गोलमोल बोलणार नाही. आपल्याकडे इथल्यासारखी शेतकरी-छंदी-अधिकारी अशी साखळीच नाही. गड केंद्राच्या संरक्षणाखाली असेल तर १९५८ च्या कायद्याने, राज्याच्या असेल तर १९६० च्या कायद्याने तिथे खणणे गुन्हा आहे. रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा यांच्यासह बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, आता तर नजर आणखी कडक. असंरक्षित जागीही पुरातत्त्वीय खोदकाम खासगी माणसाला आपल्या मर्जीने करता येत नाही. स्वतःच्या रानात नांगर अडकून काही निघाले तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो: दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू मिळाली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. कळवले नाही तर शोधणाऱ्याचा हिस्सा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू विकायला १९७२ च्या कायद्याने परवाना लागतो आणि देशाबाहेर नेणे खासगी माणसाला बंदच आहे. म्हणजे साताऱ्याची गोळी लेस्टरला आणणे तर लेस्टरची साताऱ्याला नेण्यापेक्षा कठीण.

गडावर पावसानंतर मातीतून गोळा वर आलेला दिसला तर तो जागेवरच ठेवून फोटो काढा, फोनवरचे अक्षांश-रेखांश टिपा आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयाला कळवा. स्थानिक दुर्गसंवर्धन मंडळे यात मदत करतात, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाणकार भेटतात. 'कळवून काय होणार, धूळ खात पडेल' असे लोक म्हणतात. पडतेही कधीकधी. शिमोगा जिल्ह्यातल्या नगर गावी, म्हणजे जुन्या बिदनूरला, २००२ च्या सुमारास विहिरीतला गाळ काढताना शंभर-दीडशे लोखंडी नळ्या निघाल्या. त्या तोफेचे गोळे समजून संग्रहालयात पडून होत्या. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी नीट पाहिले तेव्हा ते म्हैसूरचे अग्निबाण निघाले. कुठल्या गावच्या कुठल्या विहिरीतून आल्या हे ठाऊक होते, म्हणून २०१८ मध्ये तिथे पुन्हा खणता आले आणि आणखी हजारावर अग्निबाण मिळाले. त्या नळ्या भंगारवाल्याकडे गेल्या असत्या तर?

राहिले ते १०३ आकड्याचे बटण. ते मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण गोळीला लागू असलेले जागेचे तत्त्व त्याला फारसे लागू नाही. इंग्लंडच्या शेतांत लष्करी बटणे सापडतात ती बहुतेक वेळा शहरातल्या चिंध्या आणि लोकरीचा कचरा खत म्हणून रानात पसरला त्यातून आलेली. जुना लष्करी कोट फाडून खतात गेला, बटण मागे राहिले. त्यामुळे तुमच्या रानात १०३ वी पलटण लढली वगैरे समजू नका. पण बटण स्वतः बरेच बोलते. ब्रिटिश पायदळाच्या बटणांवर पलटणीचे आकडे १७६७ पासून आले. साध्या शिपायांची बटणे आधी कथलाच्या मिश्रधातूची होती, १८५५ पासून पितळी झाली. १८७१ मध्ये शिपायांसाठी सगळीकडे राजचिन्हाचे एकच बटण आले आणि १८८१ मध्ये पलटणींचे आकडेच गेले. १०३ क्रमांकाची एक पलटण १८१७ मध्ये मोडली होती. पुढे हा आकडा मिळाला तो १८६२ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईची गोरी पलटण राणीच्या सैन्यात घेतली तेव्हा. तिचे नाव रॉयल बॉम्बे फ्युजिलिअर्स. हीच जुनी बॉम्बे युरोपियन रेजिमेंट ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांच्या फौजेसमोर उभी होती आणि 'किर्की' हा रणसन्मान तिच्या नावावर आहे. १८८१ मध्ये ती रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची दुसरी बटालियन झाली. तुमचे बटण पोकळ, दोन पत्रे जोडलेले आणि खरोखर पितळी असेल तर ते बहुधा या मुंबईच्या पलटणीचे. चपटे, भरीव आणि सोन्याचा मुलामा असलेले असेल तर आधीच्या पलटणीतल्या अधिकाऱ्याचेही असू शकते. पाठीवर कडीभोवती बारीक अक्षरांत कारखानदाराचे नाव आणि गाव असते. भिंगातून वाचून ती अक्षरे इथे लिहा, आकड्याभोवती ज्वाळा निघणारा गोळा आहे का तेही पाहा. मग दहा-वीस वर्षांच्या आत काळ सांगता येईल.